लेकीच्या अंगणातले ट्युलिप दुसऱ्या वर्षी का फुलले नाहीत?

यंदा कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा तिघाचौघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. कोणाचा मुलगा न्यू जर्सीला, कोणाची लेक टोरांटोजवळ, एकांचे चिरंजीव लंडनच्या बाहेर. तक्रार तीच : "पहिल्या वर्षी ट्युलिप इतके सुंदर आले की फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. दुसऱ्या वर्षी नुसती पानं. तिसऱ्या वर्षी तीही नाहीत. कंद खराब निघाले का?"

मी काही शेतकी पदवीधर नाही. उभी हयात बँकेत आकडे जुळवण्यात गेली. पण या प्रश्नाचं उत्तर शोधणं मला भाग पडलं, कारण आमच्या लेकीकडे हे प्रकरण घडलं तेव्हा गुन्हेगार मी स्वतःच होतो.

लेक-जावई मिसिसागाला असतात. नातू झाल्यापासून आम्ही दोघं आणि व्याही-विहीणबाई आळीपाळीनं तिकडे जातो, हे आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं वेळापत्रक. २०२२ च्या ऑक्टोबरात विहीणबाई तिथे होत्या. त्यांनी थंडीत, गुडघ्यांचं दुखणं असताना, घरापुढच्या वाफ्यात ट्युलिपचे ५० कंद लावले. फुलं यायच्या आधीच त्या वडोदऱ्याला परतल्या. एप्रिलमध्ये आम्ही पोचलो आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात वाफा लाल-पिवळा होऊन गेला. फुलं आम्ही पाहिली, त्यांनी फक्त फोटो. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी मुद्दाम वसंतातलं तिकीट काढलं.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. फुलं गळली, पानं उरली. मे अखेरीस नातवाचा वाढदिवस, अंगणात पंचवीस माणसं यायची, आणि वाफ्यात ही लोळणारी, टोकाला पिवळी पडू लागलेली पानं. मार्च एंडला टेबल साफ करायची सवय असलेला माणूस मी. स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि सगळी पानं जमिनीलगत कापून टाकली. वर शाबासकीही मिळवली.

२०२४ च्या मे महिन्यात विहीणबाईंच्या समोर वाफ्यात सात फुलं होती. बाकी प्रत्येक ठिकाणी एकेक रुंद पान, लहान मुलाच्या हाताएवढं. त्या मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. लेकीनं फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही गेल्या वर्षी पानं कधी कापली होती?"

आता मुद्द्याकडे येतो. ट्युलिपचा कंद आपल्या सुरणासारखा किंवा हळदीसारखा नाही, तो कांद्याचा भाऊ. उभा कापला तर आत पांढरे मांसल पापुद्रे दिसतात. त्यात साठवलेलं अन्न असतं. ऑक्टोबरात दुकानातून आणलेला चांगला कंद कापून पाहा (एक कंद वाया गेला तरी चालेल, पण एकदा पाहाच), मधोमध हिरवट-पिवळं इवलंसं फूल तयार होऊन बसलेलं दिसतं. म्हणजे वसंतात दिसणारं फूल वसंतात तयार होत नाही. पानं वाळून गेल्यावर, आधीच्या उन्हाळ्यातच, ते जमिनीखाली कंदाच्या पोटात घडतं. पुढे थंडी पडते, मग ते वर येतं.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपण लावलेला कंद पुढच्या वर्षी राहतच नाही. फूल आणि पानं वर काढण्यात तो पूर्ण खर्च होतो, शेवटी कागदासारखं तपकिरी टरफल उरतं. त्याच्या जागी पापुद्र्यांच्या बेचक्यात नवे कंद धरतात, मधला एक मोठा आणि भोवती लहान. ते किती भरतील हे फूल गेल्यानंतर पानं किती दिवस हिरवी राहिली यावर ठरतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही मुदत ठेव आपोआप रिन्यू होत नाही. दरवर्षी ती मोडते आणि नव्यानं करावी लागते. पैसे भरायचा काळ फक्त फूल गेल्यापासून पानं वाळेपर्यंतचा, साधारण सहा आठवडे. मी खातं दुसऱ्याच आठवड्यात बंद केलं होतं.

यावरून एक हिशेब सुटतो. पहिल्या वर्षीचं फूल आपल्या हातगुणानं येतच नाही, ते कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं आधीच्या वर्षी जमा केलेलं असतं. आपली परीक्षा दुसऱ्या वर्षी लागते. नेदरलँड्समध्ये कंदांसाठी लावलेल्या शेतात तर फुलं उमलली की मशीननं फुलांची मुंडकी छाटतात आणि पानं शाबूत ठेवतात. फूल ठेवलं तर बी धरण्यात ताकद जाते, पान ठेवलं तर कंद भरतो. आपण घरी नेमकं उलटं करतो : फूल सुकेपर्यंत जपतो आणि पानं कापतो.

कंद किती भरला हे मोजता येतं. कंदाचा व्यापार वजनावर नव्हे, घेरावर चालतो. १२ सेंटीमीटर आणि वरचा घेर म्हणजे पहिल्या प्रतीचा. १० ते ११ चालतो. जातीप्रमाणे ६ ते ९ सेंटीमीटरच्या आतबाहेर एक सीमा आहे, तिच्याखालचा कंद फूल देत नाही, फक्त एक रुंद पान काढतो. म्हणून वाफ्यात एकच रुंद पान दिसलं की समजावं, कंद मेलेला नाही, लहान आहे. लेकीच्या वाफ्यातली ती सगळी एकेरी पानं म्हणजे माझ्या कात्रीचा अहवाल होता.

तरी प्रत्येक ठिकाणी दोष कात्रीचाच असतो असं नाही. मुलं फोन करतात तेव्हा आधी विचारावं, नेमकं काय दिसतंय?

काहीच उगवलं नसेल तर उकरून पाहायला सांगा. कंद जागेवरच नसेल तर बहुधा खारीनं नेला. तिकडच्या काळ्या-करड्या खारी आपल्या रामाच्या खारीच्या तिप्पट, आणि नुकतीच भुसभुशीत केलेली माती त्यांना आमंत्रणच वाटते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी कंदांवर आडवी टाकून वर माती पसरली तर कोंब भोकांतून येतो, खारीचा पंजा जात नाही. हाडांचं खत खड्ड्यात घालायचा सल्ला जुन्या पुस्तकांत असतो, पण त्या वासानं कुत्री आणि खारी अधिकच उकरतात. आम्ही ते बंद केलं.

कंद जागेवर आहे पण मऊ पडून कुजलाय, वास मारतोय, तर दोष पाण्याचा. इथे ट्युलिपचं माहेर लक्षात घ्यावं लागतं. फुलं हॉलंडची म्हणून ओळखली जातात, पण त्यांचं मूळ मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या डोंगरांत. तिथे हिवाळ्यात कडक थंडी, वसंतात थोडा काळ बर्फाचं पाणी, आणि मग उन्हाळा कोरडा ठणठणीत. जमिनीखाली झोपलेल्या कंदाला उन्हाळ्यात पाणी नकोच असतं. मिसिसागाची माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, त्यात हिरवळीसाठी जून ते ऑगस्ट रोज सकाळी आपोआप चालू होणारे फवारे. लेकीच्या वाफ्याची एक कड नेमकी त्या फवाऱ्यात येत होती आणि त्या कडेचे कंद कुजले. तो दोष मात्र माझ्या नावावर नाही, हे मी लेकीला दोनदा सांगितलं. उपाय म्हणजे वाफा वीतभर उंच करणं, मातीत पानांचं कुजलेलं खत भरपूर मिसळणं आणि फवाऱ्याचं तोंड वळवणं. उन्हाळी फुलझाडंही त्याच वाफ्यात लावून रोज पाणी घालत असाल तर कंद जून-जुलैत, पानं पूर्ण वाळल्यावर, काढून घ्या. झटकून, जाळीच्या पिशवीत, हवेशीर सावलीत ठेवा आणि ऑक्टोबरात परत लावा.

पानं दोन-तीन नीट आली, कळीही दिसली, पण ती कागदासारखी सुकून गेली, तर कंद लावण्याआधी कुठे ठेवले होते ते विचारा. हीटरशेजारच्या कपाटात? की फळांच्या टोपलीजवळ? पिकणाऱ्या सफरचंद-केळ्यांतून एथिलीन वायू सुटतो. आढीतले आंबे ज्यानं पिकतात तोच हा. कंदातल्या इवल्या कळीला तो मारक ठरतो. बाहेरून कंद टणक, गुटगुटीत, आणि आत कळी मेलेली, त्यामुळे दोष मातीला दिला जातो. एप्रिलमध्ये पाऊस नसताना पाणी कमी पडलं तरीही कळी सुकते.

फूल आलं पण देठ बोटभर, जणू जमिनीवरच बसलंय, तर थंडी कमी पडली. ट्युलिपला १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालचा गारवा लागतो, तेव्हा देठ लांबतो. कॅनडात ही अडचण येत नाही, पण कॅलिफोर्नियाच्या किंवा टेक्सासच्या उबदार भागात राहणाऱ्या मुलांना येते. तिथे कंद आधी फ्रिजमध्ये ठेवून मगच लावतात.

पानं वेडीवाकडी, भाजल्यासारखी, करडे डाग पडलेली असतील तर ती बोट्रायटिस नावाची बुरशी. तिकडचे माळी तिला ट्युलिपची आगच म्हणतात. अशा कंदावर मोहरीहून बारीक काळे दाणे दिसतात. तो कंद जपू नये, कंपोस्टमध्येही टाकू नये, कचऱ्यात द्यावा. त्या जागी तीन वर्षं ट्युलिप लावू नयेत. आणि कळ्याच कोणी स्वच्छ कापून नेल्यासारख्या दिसत असतील तर ससे किंवा हरणं. त्यांना ट्युलिप म्हणजे कोथिंबीर. डॅफोडिलला मात्र ती तोंड लावत नाहीत, ते विषारी असतं.

राहिली खोली. कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर खोल लावावा. चारच बोटं खाली पुरला तर उन्हाळ्यात तापतो, खारीला सापडतो आणि त्याचे बारीक बारीक तुकडे फार होतात. खत कोंब दिसू लागले की एकदा, शरदात एकदा, तेही नत्र कमी असलेलं. फुलोरा संपल्यावर पश्चात्तापानं घातलेलं खत फारसं कामाला येत नाही.

जातीवरही बरंच अवलंबून आहे, आणि हे दुकानदार सांगत नाहीत. झालरीचे, पोपटी पंखांसारखे, गुलाबासारखे भरगच्च ट्युलिप दिसायला बहारदार, पण बहुतेक एका वर्षाचे पाहुणे. टिकायचे असतील तर डार्विन हायब्रिड गटातले घ्यावेत. त्यातला लाल 'अपेलडोर्न' जुना आणि भरवशाचा. किंवा टार्डासारखे रानटी, वीतभर उंचीचे ट्युलिप. ते दिसायला साधे, पण वर्षानुवर्षं राहतात आणि पसरतातही. विहीणबाईंनी आणलेल्या मिश्र पाकिटात अर्धे तरी पहिल्या प्रकारचे होते, त्यामुळे पानं राखली असती तरी पन्नासच्या पन्नास आले नसते. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. थोडं सांगतो.

सार्वजनिक बागांशी आपण तुलना करतो, तीही फसवी आहे. नेदरलँड्समधलं कॉयकेनहोफ पाहून आलेली मंडळी आपल्यात आहेत. तिथे दर शरदात सुमारे ७० लाख कंद नव्यानं लावतात आणि हंगाम संपला की काढतात. तिथल्या ट्युलिपला दुसरं वर्ष नसतंच. ओटावाला मे महिन्यात ट्युलिपचा मोठा उत्सव भरतो. त्यामागे दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट आहे. डच राजकन्या युलियाना मुलींसह तिथे आश्रयाला होती, तिची तिसरी मुलगी १९४३ मध्ये तिथेच जन्मली, आणि १९४५ मध्ये कृतज्ञता म्हणून हॉलंडहून एक लाख कंद आले. आजही दरवर्षी कंदांची भेट येते. दरवर्षी नवे कंद भेट आले तर आमचाही वाफा फुलेल, असं जावईबापू म्हणाले.

बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. हॉलंडमधला ट्युलिपचा सट्टा आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेम शहरापासून सुरू झालेली पडझड आपण ऐकली आहे. तेव्हा सर्वांत महाग विकले जात ते पांढऱ्यावर लाल ज्वाळांसारख्या रेघा उठलेले ट्युलिप. त्या रेघा एका विषाणूमुळे उमटत होत्या आणि तो मावा किडीमार्फत पसरतो, हे विसाव्या शतकात कळलं. रोगामुळे कंद अशक्त होत, पिल्लं कमी देत, म्हणून दुर्मीळ, म्हणून महाग. बाजारातली सगळ्यात किमती मालमत्ता मुळातच आजारी होती, हे कर्जविभागात काम केलेल्यांना नवल वाटणार नाही. लेकीच्या बागेत एकरंगी फुलात अचानक अशा तुटक रेघा आल्या तर कौतुक न करता तो कंद काढून टाकावा.

कोजागिरीला आणखी एक प्रश्न आला : इंदुरात ट्युलिप येतील का? आपल्या माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, दिवसा २५ च्या वर जातो. सोळा आठवड्यांचा गारवा इथे कुठून यायचा? आधीच गारवा दिलेले कंद मागवून डिसेंबरात कुंडीत लावले तर एकदा फूल येऊ शकतं. फ्रिजमध्ये ठेवायचे तर कागदी पिशवीत, आणि त्या फ्रिजात पेरू-सफरचंदं नकोत. पण पुढे आपला उन्हाळा लवकर येतो, पानं भराभर वाळतात, कंद भरत नाही. दिल्लीतही हिवाळ्यात रस्त्याकडेला फुलणारे ट्युलिप हॉलंडहून आणलेल्या कंदांचेच. श्रीनगरला, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ मध्ये सुरू झालेल्या बागेत, ते मार्च अखेर-एप्रिलमध्ये पाहावेत हे उत्तम. तिथल्या दुकानातून कंद आणून गच्चीवर लावू नयेत.

इथे हौस भागवायला निशिगंध आहे. त्याचाही हिशेब असाच : एकदा दांडा दिलेला कंद पुन्हा दांडा देत नाही, त्याच्या भोवतीची पिल्लं देतात. दोन-तीन वर्षांनी कुंडीत इतकी गर्दी होते की नुसती पाती येतात आणि आपण माती बदलत बसतो. उपटा, मोठे कंद वेगळे करा, महिनाभर सावलीत पडू द्या आणि मार्च-एप्रिलमध्ये सुटे लावा.

मिसिसागाच्या वाफ्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०२४ च्या जून अखेरीस, पानं पूर्ण वाळल्यावर, विहीणबाईंनी कंद काढले. शिवणाच्या टेपनं प्रत्येकाचा घेर मोजला आणि आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठवले. लहानमोठे मिळून ९४, त्यात १० सेंटीमीटरच्या वरचे फक्त ११. ऑक्टोबरात आम्ही गेलो तेव्हा ते ११ आणि डार्विन हायब्रिडचे ४० नवे कंद मी स्वतः लावले, मोजपट्टीनं खोली मोजून, वर जाळी टाकून. बारीक पिल्लं मागच्या अंगणात रांगेनं पेरली. त्यांना फुलायच्या आकाराला यायला दोन-तीन वर्षं लागतील. मार्चमध्ये आम्ही परतलो आणि एप्रिलमध्ये विहीणबाई पोचल्या. नवे सगळे आले, जुन्या ११ पैकी ९ फुलले. या वेळी त्यांनी फुलं पाहिली आणि आम्ही फोटो.

फूल सुकलं की त्या देठासकट काढून टाकत होत्या. पानांना हात लावला नाही. मे अखेरीस नातवाच्या वाढदिवसाचे फोटो आले. फुगे, केक, पंचवीस माणसं, आणि मागे वाफ्यात सगळी पिवळी पडलेली पानं आडवी लोळत होती.